यात्रेची गैरहजेरी

"तुमचे प्रकरण मी स्वतः पाहिले आहे," हे वाक्य नोकरीच्या अखेरच्या काही वर्षांत मी अनेक माणसांना, त्यांच्या डोळ्यांत पाहून, अत्यंत सौम्य आवाजात ऐकवले. त्यांपैकी एकाचेही प्रकरण मी पाहिलेले नव्हते.

नारायणगावच्या अलीकडे भाजीपाला निवडून, कापून, गोठवून परदेशी पाठवणारा एक कारखाना होता आणि त्याचा कार्मिक अधिकारी म्हणून मी पुण्याच्या कार्यालयात बसत असे. कंपनीने कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी एक प्रणाली विकत घेतली. कोण वेळेवर येतो, कोण किती काम करतो, कोणी नोकरी सोडून जाण्याचा संभव आहे, हे सारे ती ठरवी आणि ज्याला ठेवू नये त्याच्या नावापुढे लाल खूण करी. कंपनीचा नियम असा की प्रत्येक लाल खूण अधिकाऱ्याने स्वतः तपासावी आणि मगच माणसाला कमी करावे. मी चहाचा पेला डाव्या हातात धरून उजव्या हाताने 'मान्य' दाबत असे. सर्व नावे एकदम निवडण्याची सोय होती. त्यानंतर त्या माणसाला बोलावून, खुर्ची देऊन, ते वरचे वाक्य.

हे मी पत्नीलाही कधी सांगितले नाही. उलट निवृत्तीनंतर माझी ख्याती 'माणसे जपणारा अधिकारी' अशीच राहिली. मालकांनी अशी यंत्रे कामगारांवर कशी वापरावीत याचे नियम व्हावेत म्हणून पुण्यातल्या काही संस्था एक मसुदा तयार करत होत्या. त्यांनी मला जाणकार म्हणून बोलावले, आणि मी गेलो. चैत्र लागताच जुन्नर-आंबेगावच्या कामगारांचे म्हणणे ऐकण्यासाठी चार दिवसांचा दौरा ठरला, तोही मी पत्करला. प्रायश्चित्त म्हणून निघालो असे म्हणायला मला आवडले असते. परंतु खरे सांगायचे तर त्या चार दिवसांत मी जितका हसलो, तितका उभ्या आयुष्यात हसलो नसेन.

नारायणगाव

मला न्यायला विलासभाऊ आले होते. कामगार संघटनेचे काम करणारा हा गृहस्थ टोमॅटोची पिकअप चालवतो आणि गाडीपेक्षा तोंड अधिक वेगाने चालवतो. "सायेब, मीटिंग उद्याला. आज तुमाला आदी राहुट्या दाखवतो," असे म्हणून त्यांनी गाडी थेट तमाशाच्या फडांपुढे नेली.

गुढीपाडव्याच्या सुमारास इथे ओळीने राहुट्या उभ्या राहतात. ज्या गावाची यात्रा आहे त्या गावाची पंचमंडळी येतात, फडाच्या व्यवस्थापकासमोर बसतात आणि यंदा कोणाचा तमाशा न्यायचा ते ठरवतात. आयुष्यभर नोकरभरती केलेला मी, ही भरती पाहून स्तिमित झालो. एका राहुटीत पाच-सहा फेटेवाले दाटीवाटीने बसले होते. त्यांतल्या म्होरक्याने व्यवस्थापकाला तोंडावर सांगितले, "मागल्या साली तुमचा सोंगाड्या झोपला व्हता राव! उभ्या उभ्या झोपला व्हता!"

"झोपला न्हवता पाटील. त्ये सोंगच झोपेचं व्हतं."

"मग घोरत का व्हता?"

राहुटीचे कापड हलले इतके लोक हसले. ज्याच्यावर आरोप तो सोंगाड्याच पडदा सारून बाहेर आला आणि त्याने तिथल्या तिथे घोरण्याचे चार प्रकार करून दाखवले: सासऱ्याचे, सरपंचाचे, नव्या नवऱ्याचे आणि मास्तरांचे. पाटलांच्या डोळ्यांतून पाणी आले. सुपारी तिथेच पक्की झाली. विलासभाऊ माझ्या कानाशी लागले, "बघा. तक्रार तोंडावर, जबाब तोंडावर, निकाल तोंडावर." मी हसत होतो, पण त्यांच्याकडे न पाहता, हे इथे नमूद करतो.

संध्याकाळी विलासभाऊंच्या घरी वहिनींनी मासवड्या वाढल्या. ज्यांनी खाल्लेल्या नाहीत त्यांच्यासाठी सांगतो: नावात मासा असला तरी हा पदार्थ पूर्ण शाकाहारी आहे. बेसनाच्या शिजवलेल्या पातळ पोळीत तीळ, खोबरे, लसूण यांचे सारण भरून वळकटी करतात, तिच्या वड्या पाडतात आणि लालभडक रश्शाबरोबर खातात. आमच्या घरी आमटीत गूळ पडतो. इथल्या रश्शाचा पहिला घोट घेतल्यावर मला दोन्ही कानांनी ऐकू येईनासे झाले. वहिनी काहीतरी विचारत होत्या आणि मी नुसती मान हलवत होतो. ती मान 'आणखी वाढा' या अर्थी घेतली गेली. असे तीनदा झाले.

लेण्याद्री

दुसऱ्या दिवशी सकाळी जुन्नरमध्ये बैठक झाली. बोलणी थोडी आणि सावध झाली, कारण मुकादम दारात उभा होता. दुपारनंतर विलासभाऊ म्हणाले, "हितवर आलात आन् गिरिजात्मजाला न भेटता गेलात तर तुमची वहिनी मला घरात घ्यायची न्हाई." म्हणून लेण्याद्रीचा डोंगर चढू लागलो.

वर बौद्ध भिक्षूंनी कोरलेल्या लेण्यांची रांग आहे, आणि त्यांतल्याच एका प्रशस्त लेण्यात गणपती बसला आहे. दगड आत इतका थंड की घामाने भिजलेला सदरा क्षणात अंगावर गार पडतो. समोर जुन्नरचा सारा परिसर, हिरव्या चौकटींमध्ये चमकणारे कालव्याचे पाणी आणि पलीकडे शिवनेरी. मी गंभीर होण्याच्या बेतात होतो. पण तेथील माकडांना गांभीर्य खपत नाही.

उतरताना एका धिप्पाड वानराने माझ्या खांद्यावरची पिशवी ओढली. पिशवीत शेंगदाणे होते आणि नियमांचा मसुदाही होता. शेंगदाणे त्याने पहिल्याच हिसक्यात संपवले आणि मग कठड्यावर बसून मसुदा उलगडला. पान उलटले. पुन्हा मागचे पान पाहिले. भुवया वर केल्या.

"सायेब, त्यो तपासतोय बरं का!" विलासभाऊ पायरीवर बसून पोट धरून हसू लागले. "मान्य करतोय का काय बघू!"

मसुद्यातली कलमे साधी होती. यंत्राच्या सांगण्यावरून मालकाने माणसाला ठेवणे, काढणे, बढती देणे असे काही केले तर ते त्या माणसाला आधी कळवावे. त्याच्या भाषेत कारण द्यावे. आणि ज्याला निर्णय फिरवण्याचा अधिकार आहे अशा माणसाने तो खरोखर पाहावा. त्या वानराने शेवटचे पान नाकाशी धरून हुंगले, चाटले, आणि दरीत सोडून दिले. मी खूप हसलो. खाली पोहोचेपर्यंत मात्र एक विचार सोबत उतरला: मी ज्या नावांपुढे 'मान्य' दाबले, त्या नावांना इतका वेळ मी एकदाही दिला नव्हता.

वारूळवाडी

तिसऱ्या दिवशी वारूळवाडीतल्या देवळाच्या सभामंडपात बैठक होती. चहापाणी पोपटशेठ यांच्याकडून होते. पोपटशेठचे पणजोबा राजस्थानातून आले. आता घरात मारवाडी केवळ आजीशी बोलतात आणि भांडतात मात्र अस्सल मराठीत. त्यांनी भागीदारीत द्राक्षे आणि टोमॅटोची नवी पॅकिंग शेड उभारली होती आणि यात्रा उरकल्या की तिथे माणसे भरायची होती. म्हणून सभामंडप गच्च भरला होता.

बैठक सुरू झाल्यावर एक बाई पदराने वारा घेत आत आल्या आणि मला पाहून दारातच थबकल्या.

"अगं बया! ह्ये तर आमचे सायेब!" त्यांनी साऱ्या मंडपाला सांगितले. "लई चांगला मानूस बरं का. मला कामावरनं काढलं तवा बसायला खुर्ची दिली व्हती!"

लोक खो-खो हसले. मीही हसलो. बाईंचे नाव मंगलताई. मला त्यांचा चेहरा आठवत नव्हता, खुर्ची आठवत होती.

विलासभाऊंनी त्यांना काय झाले ते सांगायला सांगितले, आणि त्या उभ्याच बोलू लागल्या. "आवो, आमच्यात सावड आस्ती. शेतात कशी, आज तुमी माझ्यात या, उद्या मी तुमच्यात, तशीच. चैतात ह्या भागात रोज कुटल्या ना कुटल्या गावाची यात्रा. माहेरची हाय, सासरची हाय, भनीच्या गावची हाय, मामाच्या गावची हाय. न्हाई गेलं तर माणसं वरीसभर तोंड फिरवत्यात. मग माझ्या माहेरची यात्रा आली की लतानं माझी पाळी करायची, तिच्याकडची आली की मी तिची. पट्टा एक दिस बंद पडला न्हाई. सुपरवायझरला समदं ठावं व्हतं."

"मग अडलं कुठं?" मी विचारले. विचारण्याचे मला कारण नव्हते. सुपरवायझरने हे मला त्याच वेळी फोनवर सांगितले होते.

"मशीनला काय ठावं सावड? त्याला दिसलं, ही बाई सोमवारी न्हाई, गुरवारी न्हाई, पुढल्या मंगळवारी न्हाई. ही आता पळनार! मी कुटं पळतीय? यात्रंत आमटी-भाकर खाऊन सकाळच्याला कामावर हजर!"

"आन् लता?" मागून कोणी विचारले.

"लताला बक्षीस मिळालं! जास्तीच्या पाळ्या केल्या म्हनून. टाळ्या वाजवून साडी दिली. त्यात निम्म्या पाळ्या माझ्या व्हत्या!"

आता सभामंडपाला आवरणे कठीण झाले. मागे बसलेली लताच असावी, कारण एक बाई तोंडावर पदर घेऊन गदागदा हलत होती आणि शेजारणी तिला कोपरखळ्या मारत होत्या. हशा ओसरल्यावर मंगलताई खाली बसल्या आणि तितक्याच सहजपणे म्हणाल्या, "मशीनवर माझा राग न्हाई. त्ये चुकलं आसतं तर मी भांडले आसते. पन सायबांनी सोता बघितलं व्हतं. मानसानं बघून सांगितलं म्हंजे काय तरी माझंच चुकलं आसंल. म्हनून गप बसले."

मंडपात पंखा फिरत होता. त्याचा आवाज मला फार मोठा वाटू लागला.

पोपटशेठ खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "साहेब, आता तुम्ही समोरच आहात म्हणून विचारतो. ताईंना मी घ्यायला तयार आहे. पण आमच्याकडं पण तीच प्रणाली आहे, तिच्यात जुन्या नोंदीवरून यांच्या नावापुढं लाल खूण येते. नुसती खूण असती तर मी भागीदारांना म्हटलं असतं, सोडा हो. पण तुमच्या कंपनीकडनं निरोप आला की अधिकाऱ्यानं स्वतः तपासून काढलंय. त्याच्यापुढं मी काय बोलू? तुम्ही पाहिलं होतं ना?"

सारे माझ्याकडे पाहत होते. मंगलताई तर विश्वासाने पाहत होत्या. सत्य सांगायला इतकी सोयीची वेळ मला पुन्हा मिळणार नव्हती.

"होय," मी म्हणालो. "म्हणजे, प्रक्रियेप्रमाणे पाहिले होते."

पोपटशेठनी खांदे उडवले. "मग ताई, माझा इलाज नाही बघा." मंगलताईंनी "बरं" म्हणून मान हलवली आणि पाहुण्यांना चहा मिळाला का, याची चौकशी करायला उठल्या. जाताना मला म्हणाल्या, "सायेब, उद्या आमच्या सासरची यात्रा, पारगावच्या अंगाला. यायचं. न्हाई आलात तर मीच तुमच्या नावापुढं लाल खूण करनार!"

पारगावच्या पलीकडे

सकाळी निघताना विलासभाऊंना म्हणालो की मला बरे वाटत नाही, परस्पर पुण्याला जावे म्हणतो. ते म्हणाले, "यात्रंत कुनालाच बरं वाटत न्हाई, समद्यांना लई बरं वाटतं," आणि पिकअप उसाच्या फडांमधून पारगावच्या दिशेने सोडली. साखर कारखान्याची धुराडी मागे पडली, घोड नदीचा वास आला आणि गावाच्या वेशीवर ढोल-ताशांनी आम्हांला अक्षरशः गिळले.

मी पांढरा सदरा घालून उतरलो होतो. पन्नास पावले चालेपर्यंत पिवळा झालो. भंडारा वरून येत होता, बाजूने येत होता, एकाने तर प्रेमाने माझ्या चष्म्याच्या दोन्ही काचांना वेगवेगळा लावला. त्यानंतरचे काही जग मी सोनेरीच पाहिले. माझ्या घरी देवाला हळद चिमटीने वाहतात. इथे पोती रिकामी होत होती. एका म्हाताऱ्याने माझा हात धरून मला ताशापुढे ओढले. मला नाचता येत नाही. हे मी त्याला सांगितले. तो म्हणाला, "मला बी येत न्हाई!" आणि आम्ही दोघे नाचलो.

पुढे कढयांपाशी गेलो. त्या कढयांत मी मावलो असतो. त्यांत आमटी रटरटत होती आणि गावोगावच्या लेकी, जावई, भाचे, मित्र आणि कोणाचेच कोणी नसलेले असे सगळे पंगतीला बसत होते. भाकरी आमटीत कुस्करून, पाचही बोटे बुडवून खायची असते. वाढणाऱ्यांत मंगलताई होत्या. "वाढा सायबाला!" त्या ओरडत होत्या. "पुन्याची मानसं 'पुरे' म्हनत्यात, त्याचा आर्थ 'आनखी' आसतो!" हे त्यांना वहिनींनी कळवले असावे, अशी माझी शंका आहे.

दुपार उतरू लागल्यावर आम्ही घाटावर गेलो. घाट म्हणजे बैलगाडा शर्यतीची चढती धावपट्टी. दोन्ही बाजूंना माणसांच्या भिंती, आणि मध्ये समालोचक माईकवरून सर्वांची टिंगल करतो आहे. प्रत्येक बारीला बैलांचे नाव, मालकाचे नाव, गावाचे नाव पुकारले जाते आणि मग जे सुटते ते धावणे नसून फेकले जाणे असते. लोक टोप्या उडवत होते. मीही माझा रुमाल उडवला. तो परत मिळाला नाही.

"पयले लोक म्हनायचे, नेम आले की शर्यत मेली," विलासभाऊ माझ्या कानात ओरडले. "आता चाबूक बंद, काठी बंद, डाक्टर बैल तपासतो. बघा, मेली का?"

इतक्यात गोंधळ झाला. एक गाडा वाऱ्यासारखा वर आला आणि शेवटच्या रेषेवरच्या आपोआप चालणाऱ्या घड्याळाने त्याची वेळ इतकी कमी दाखवली की दुसरा कोणी त्याच्या जवळपासही येणे शक्य नव्हते. मालकाला खांद्यावर घेतले गेले. पण पंच असलेला एक उंच, शांत माणूस पुढे आला, माईक मागून घेतला आणि म्हणाला, "बारी पुन्ना हुईल."

"का? घड्याळ खोटं बोलतंय का?" मालक खांद्यावरूनच गरजला.

"घड्याळ खोटं बोलत न्हाई. पन घड्याळानं काय बघितलं त्ये मी बघितलंय. तुज्या मेव्हण्याचा फेटा सुटून आदी पुढं ग्येला. घड्याळानं फेट्याची येळ दिली. मी हितं उभा व्हतो, आन् उभा ऱ्हायचं म्हनूनच मला हितं ठिवलंय."

मेव्हण्याच्या उघड्या डोक्याकडे पाहून जो हशा उठला, त्यात मालकही हसत खाली उतरला. बैल पुन्हा खाली नेण्यात आले. मीही हसत होतो, पण नजर त्या पंचावरून हलत नव्हती. मलाही तिथे उभे राहण्यासाठीच ठेवले होते. मी 'मान्य' दाबून चहा प्यालो होतो.

बैल खाली जाईपर्यंत वेळ होता, म्हणून समालोचकाने पाहुण्यांचे सत्कार काढले. पोपटशेठही यात्रेला आले होते, त्यांना फेटा बांधला. त्यांच्या शेजारी मला उभे करून मलाही गुलाबी फेटा बांधला, शाल दिली, नारळ दिला. मग त्याने माईक माझ्या तोंडाशी धरला. "पुन्याचं मोठं पावनं! दोन शब्द बोलतील! थोडक्यात बोला राव, बैलं वाट बगत्यात!"

"बैलांबद्दल बोला!" गर्दीतून कोणी ओरडले.

माझा आवाज मुळात लहान आहे. कर्ण्यांतून तो घाटाच्या दोन्ही बाजूंना गेला आणि मलाच परका वाटला. "बैलांविषयी मला काही कळत नाही," मी म्हणालो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. "माणसांविषयी कळते, असा माझा लौकिक आहे. तोही खरा नाही." पुन्हा टाळ्या. गर्दीला वाटले मी विनोद करतो आहे. समोर बायकांच्या बाजूला मंगलताई लताच्या खांद्यावर हात टाकून उभ्या होत्या आणि 'आमचे सायेब' म्हणून शेजारणीला दाखवत होत्या. फेटा डोळ्यांवर घसरत होता. मी तो काढून हातात घेतला.

"इथे मंगलताई आहेत. त्यांना कामावरून काढताना मी सांगितले होते की त्यांचे प्रकरण मी स्वतः पाहिले."

टाळ्या थांबल्या. समालोचकाने माईक मागे घेण्यासाठी हात पुढे केला होता, तो तसाच राहिला.

"मंगलताई, मी ते पाहिले नव्हते. यंत्राने खूण केली आणि मी बटण दाबले. तुमची सावड मला सुपरवायझरने सांगितली होती, तरी दाबले. पोपटशेठ, काल तुम्ही सगळ्यांसमोर विचारलेत तेव्हा मी पुन्हा खोटे बोललो. त्यांना कोणी तपासले नव्हते. कोणालाच तपासले नव्हते. तुमच्या भागीदारांना माझे नाव घेऊन सांगा, मी लिहून देईन, येऊन सांगेन. मंगलताई, तुमचे काहीही चुकले नव्हते. इतकी वर्षे तुम्ही स्वतःला दोष दिलात तो माझा होता. मी तुम्हांला खुर्ची दिली आणि खरे सांगितले नाही. मी तुमची माफी मागतो."